खान्देशात पक्षी बघायला सुरुवात करताय? आधी घराजवळचं पाणी गाठा

थंडी पडायला लागली की आपल्याकडे दरवर्षी तेच सुरू होतं. कोणीतरी हतनूर धरणावर जाऊन येतो, हंसांचे नी बदकांचे फोटो ग्रुपवर टाकतो, मग दहा जण विचारतात की भाऊ आम्हाला पण पक्षी बघायचेत, काय लागतं, कोणता कॅमेरा घेऊ, कधी जायचं. प्रत्येकाला सुटं सुटं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो, ज्याला खरंच सुरुवात करायची त्याच्या कामात येईल. लिहिलंय ते जळगाव धरून, कारण मी इथलाच, पण धुळे-नंदुरबारवाल्यांनी फक्त तलावाचं नाव बदलायचं, बाकी सगळं जसंच्या तसं चालतं.

माझं म्हणणं थोडं उलटं आहे हे आधीच सांगतो. नवीन माणूस पहिल्याच रविवारी गाडी काढून हतनूर गाठतो, तिथं लांब पाण्यावर शेकडो काळे ठिपके दिसतात, कोणता काय काही कळत नाही, ऊन चढतं, दोन सेल्फी काढून घरी येतो आणि परत कधी जात नाही. पाहुणे पक्षी ओळखायचे असतील तर आधी घरचे पक्षी पाठ पाहिजेत. गावाच्या पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्याला एसटीतून उतरलेला परका माणूस लांबूनच कळतो, कारण गावातल्या प्रत्येकाची चाल त्याला माहिती राहते. इथंही तेवढंच आहे.

पहिली पायरी: एक जागा धरा आणि तिथंच जात राहा

जळगावात असाल तर मेहरूण तलाव आणि त्याच्या जवळचं लांडोरखोरीचं वनोद्यान, एवढ्यावर अख्खा सीझन निघतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपी जंगल, म्हणजे पाणपक्षी नी रानपक्षी दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. मेहरूणला सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते पण पक्ष्यांना रोजच्या चालणाऱ्या माणसांची सवय झालेली असते, ते उलट जवळ येऊ देतात. आणि हिवाळ्यात तिथली बोरं मिळतात तो वेगळा फायदा.

धुळेवाल्यांना नकाणे तलाव आहे, डेडरगाव आहे. शिरपूरकडच्यांना अनेर धरण, तिथं तर १९८६ पासून अभयारण्यच आहे. नंदुरबारला विरचक. चाळीसगावकरांना पाटणादेवी नी गौताळ्याचा डोंगर, त्यांचं नशीबच वेगळं. यावल-रावेरवाल्यांच्या डोक्यावर सातपुडा आहे, यावल अभयारण्य नी पाल, पण तिकडे सुरुवात करू नका असंच मी सांगीन, जंगलात पक्षी दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतात आणि नवीन माणूस वैतागतो. पाण्याच्या काठाला सगळं उघड्यावर असतं. यातलं काहीच जवळ नसेल तर गावाचा पाझर तलाव, नदीतला डोह, कॉलनीमागचं ओसाड माळरान, काहीही चालतं, फक्त एक अट, घरापासून पंधरा-वीस मिनिटांत पोचता आलं पाहिजे. लांबची जागा असली की माणूस महिन्यातून एकदा जातो, आणि महिन्यातून एकदा गेलं की कोण आलं नी कोण गेलं हे कळतच नाही.

दुसरी पायरी: घरचे एकवीस पक्षी

ऑगस्ट-सप्टेंबरात सुरुवात केली तर उत्तम, कारण पाहुण्यांची गर्दी व्हायच्या आधी महिना-दीड महिना मिळतो. या वेळात बाराही महिने इथंच राहणारे पक्षी डोळ्याखालून घालायचे. चिमणी, साळुंकी, कावळा, घार, होला, पोपट हे तर येतातच सगळ्यांना. त्यात बुलबुल, दयाळ, कोतवाल, सातभाई, शिंजीर, तांबट, भारद्वाज, वेडा राघू, खंड्या, टिटवी, गायबगळा, वंचक, पाणकावळा, शेकाट्या आणि हळदी-कुंकू बदक एवढे घाला. हळदी-कुंकू बदक नीट बघून ठेवा, काळी चोच, टोकाला पिवळी, कपाळाजवळ दोन लाल ठिपके. हे आपलं कायमचं रहिवासी बदक, पुढे डिसेंबरात परदेशी बदकांच्या घोळक्यात उभं राहून तुम्हाला माप म्हणून कामाला येणार.

मापाचंच आलं तर आपल्याकडे जुने लोक एक साधी पद्धत शिकवतात, पक्षी दिसला की रंग नंतर, आधी विचारायचं केवढा आहे? चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच कशी, आखूड जाड की लांब बारीक. शेपटी लांब की बुडखी. बसलाय कसा, उभा ताठ की आडवा. करतोय काय, शेपटी हलवतोय की मान. रंग सगळ्यात शेवटी, कारण रंग फसवतो, सकाळच्या तिरप्या उन्हात पांढरा बगळासुद्धा केशरी दिसतो आणि पाठीमागून उजेड आला की सगळेच काळे.

बगळ्यांची नी वंचकाची एक गोष्ट लक्षात ठेवा, वंचक बसलेला असताना मातकट, चिखलात दिसतच नाही, उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख. नवीन मंडळी शपथेवर सांगतात की दोन वेगळे पक्षी होते.

दुर्बीण घ्या, कॅमेरा राहू द्या

पहिल्या वर्षी कॅमेरा नको. हे कुणालाच आवडत नाही पण खरंय, कॅमेरावाला माणूस पक्षी बघत नाही, स्क्रीन बघतो. दुर्बीण मात्र पाहिजेच. दुकानात नाहीतर ऑनलाइन तुम्हाला ८×४२, १०×५० असले आकडे दिसतील, त्यातला पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, काच मोठी तेवढा उजेड जास्त. नवीन माणसाने डोळे मिटून ८×४२ घ्यावी. दहा पटीची घेतली की हात थोडा हलला तरी चित्र नाचतं, आणि दिसणारा भाग लहान असतो त्यामुळे पक्षी शोधेपर्यंत तो उडून जातो. जत्रेत नी रस्त्यावर त्या लाल काचेच्या, पन्नास पट वगैरे लिहिलेल्या मिळतात त्या पोरांना खेळायला ठीक आहेत. चष्मा असेल तर दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या रबरी वाट्या खाली फिरवा किंवा दुमडा, नाहीतर अर्धंच दिसतं.

वापरायची पण एक पद्धत आहे. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर तिथून हलवायची नाही, आणि नजर तिथंच ठेवून दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. लोक उलटं करतात, दुर्बीण लावून सगळं झाड चाळत बसतात. घरच्या गच्चीवरून समोरच्या टाकीवरच्या कबुतरावर आठवडाभर सराव करा, हात बसतो.

बाकी खिशात मावेल अशी वही, पेन्सिल, पाणी, टोपी, मातकट नाहीतर हिरवट कपडे. पांढरा शर्ट नी भडक जॅकेट नको. अत्तराचं म्हणाल तर पक्ष्यांना फारसं काही वाटत नाही, सोबतच्यांना त्रास.

वेळ नी उजेड

सूर्य उगवल्यापासून दोन-अडीच तास, बस्स. आपल्याकडे ऊन लवकर तापतं, हिवाळ्यातसुद्धा दहानंतर पाण्यावर लकाकी येते आणि झाडांवरचे पक्षी सावलीत गप्प बसतात. संध्याकाळी साडेचारनंतर परत हालचाल सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा कधीकधी दहाच्या खाली जातो, अशा सकाळी पाण्यावर धुकं असतं, तेव्हा फार लवकर जाऊन उपयोग नाही, धुकं उठेपर्यंत चहा प्या.

महत्त्वाचं म्हणजे सूर्य पाठीशी पाहिजे. सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठावर उभे राहा आणि पश्चिमेकडे बघा, संध्याकाळी उलट. एवढ्या एका गोष्टीने अर्धे पक्षी आपोआप ओळखू येतात, हे कुणी सांगत नाही. आणि चालत सुटू नका. एका ठिकाणी पंधरा मिनिटं गप उभं राहिलं की जे दिसतं ते तासभर चालून दिसत नाही.

पाहुणे कधी येतात

लोकांना वाटतं पाहुणे पक्षी म्हणजे डिसेंबरात एकदम थवा उतरतो. तसं नाही, ते टप्प्याटप्प्याने येतात आणि हीच खरी गंमत आहे. आपला भाग मध्य आशियाई उड्डाणमार्गात येतो, सायबेरिया, मंगोलिया, कझाकस्तान, तिबेट, लडाखकडून पक्षी दक्षिणेकडे उतरतात, काही आपल्याकडे थांबतात, काही दोन दिवस खाऊन पुढे निघून जातात.

सगळ्यात आधी, पाऊस चालू असतानाच, ऑगस्टच्या शेवटाला चिखलाच्या कडेने तुतारी दिसायला लागते, साळुंकीएवढा, करडा, सारखी कंबर खालीवर हलवणारा पक्षी. मग सप्टेंबरात धोबी. शेपटी टकटक आपटत चालणारा तो धोबी, करडा, पिवळा, पांढरा असे वेगवेगळे येतात, पण काळ्यापांढऱ्या रंगाचा मोठा धोबी आपल्याकडे बारमाही राहतो, तो घरचा, त्याच्याशी गल्लत नको. त्याच सुमाराला भोरड्यांचे थवे. गुलाबी अंग, काळं डोकं, मैनेची बहीणच. पण सप्टेंबरात जी येतात त्यातली बरीचशी त्याच वर्षीची पिल्लं असतात नी ती नुसती मातकट, त्यामुळे गुलाबी कुठंय म्हणून शोधत बसू नका.

ऑक्टोबर म्हणजे दसरा, आणि दसऱ्याला चास दिसला की चांगलं मानतात. वीजेच्या तारेवर बसलेला, उडताना निळ्याच्या दोन छटा दाखवणारा. आपला चास छातीला तपकिरी असतो. पण याच दिवसांत युरोपातला चास पश्चिम भारतावरून आफ्रिकेकडे जात असतो, त्याचं डोकं, छाती, पोट सगळं फिकट निळं. तेव्हा तारेवरचा चास नीट बघा, नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नका.

ऑक्टोबरातच थरथऱ्या येतो, माझा सगळ्यात आवडता, कारण त्याला बघायला कुठं जावं लागत नाही. बांधकामाच्या विटांवर, कंपाउंडच्या भिंतीवर, शेतातल्या पंपाच्या खोलीवर येऊन बसतो. चिमणीएवढाच, नर वरून काळपट, पोट विटकरी, मादी मातकट, पण दोघांची शेपटी विटकरी. बसला की एक झुकल्यासारखं करतो आणि शेपटी थरथरवतो, अगदी बारीक, जोरात नाही, एक-दोन सेकंद आणि थांबली. परत झुकतो, परत थरथर. खाली उतरून किडा उचलतो, परत त्याच विटेवर. त्याचा एक ठरलेला इलाका असतो आणि मार्चपर्यंत तो तिथंच सापडतो, म्हणून नवीन माणसाला शिकायला याच्यासारखा पक्षी नाही. तुमच्या भिंतीवरचा थरथऱ्या कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या तारखेला दिसेनासा झाला एवढं जरी दरवर्षी लिहून ठेवलं तरी ती कामाची नोंद आहे.

बाभळीतून "टक्, टक्" असा दोन दगड एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज आला तर तो शुभ्रकंठी वटवट्या, हिवाळाभर आपल्या काटेरी झाडीत भरपूर असतो, दिसतो कमी. आणि आंब्याच्या, निंबाच्या दाट सावलीत शेपटी उंचावून "टर्रर्र" करणारा चिमणीहून लहान पक्षी म्हणजे लाल कंठाचा माशीमार, लाल कंठ फक्त मोठ्या नरालाच असतो, बाकी सगळे मातकट, म्हणून आवाज नी शेपटीच बघायची.

नोव्हेंबरपासून शेतांवरून भोवत्या फिरायला लागतो, घारीहून सडपातळ, पंख उंच धरून कपाशीच्या नी हरभऱ्याच्या वरून अगदी खालून तरंगत जाणारा. घार असं खालून फिरत नाही. पाण्याच्या कडेला जो फिरतो तो दलदली भोवत्या, तो आला की तलावावरची सगळी बदकं एकदम उठतात, तेव्हा वर बघायची सवय लावा.

जानेवारी-फेब्रुवारीत दादर ज्वारी दाण्यावर आली की भोरड्या तिथं पडतात. शेतकरी गोफण घेऊन उभा राहतो, डबे वाजवतो, त्याला तुम्ही पक्षी किती सुंदर वगैरे सांगायला जाऊ नका, त्याचं नुकसान होत असतं. फेब्रुवारी-मार्चात पळस नी सावर फुलले की याच भोरड्या फुलांवर, आणि आता नर पुरते गुलाबी झालेले. एखादा फुललेला पळस शोधून सकाळी त्याच्यासमोर बसा, तासाभरात दहा-बारा जातींचे पक्षी येऊन जातात.

हतनूर, आणि बदकं कशी ओळखायची

एवढा सराव झाला की मग जानेवारीत हतनूरला जा. जानेवारीच का, तर त्याला कारण आहे. ऑक्टोबरात येणारे बदकांचे नर विणीची रंगीत पिसं गाळून आलेले असतात, माद्यांसारखेच मातकट दिसतात, भले भले चक्रावतात. डिसेंबरपर्यंत त्यांना नवीन पिसं येतात आणि जानेवारीत प्रत्येक नर पुस्तकातल्या चित्रासारखा होतो. थोडं थांबल्याने काम सोपं होतं.

हतनूर धरण तापीवर, भुसावळ तालुक्यात, वरणगावच्या बाजूला. चांगदेवला तापी नी पूर्णेचा संगम आहे, त्याच्या खाली हे धरण, ४१ दरवाजांचं. दोन नद्यांनी आणलेल्या गाळाने हे धरण भरत चाललंय, त्याची सिंचनवाल्यांना डोकेदुखी आहे, पण पक्ष्यांच्या दृष्टीने उथळ पाणी नी गाळाची बेटं म्हणजे मेजवानी. धरणाच्या भिंतीवर जाऊन काही उपयोग नाही, तिथं अडवतात पण आणि पाणी खोल राहतं. बॅकवॉटरच्या काठाच्या गावांकडे जायचं. तिथं मासेमारी करणारे भेटतात, त्यांना आदराने विचारा की दादा, बदकं सध्या कोणत्या अंगाला बसताहेत. त्यांच्याइतकं अचूक कोणी सांगत नाही, पाण्याची पातळी आठवड्याला बदलते तशी पक्ष्यांची जागा पण बदलते.

पोचल्यावर सगळं एकदम बघू नका. आधी वेगळं करा, बदक कोणतं आणि बदक नसलेलं कोणतं. काळाकुट्ट, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी, बदक नाही. शेकड्याने असतो. उडायचं झालं तर पाण्यावर पाय आपटत लांबपर्यंत धावतो तेव्हा कुठं उठतो. याला बाजूला काढलं की निम्मे ठिपके कमी झाले.

उरलेल्या बदकांत दोन गट करा. वरवर खाणारी, ढुंगण वर करून डोकं पाण्यात घालणारी, आणि पूर्ण बुडी मारून गायब होणारी. वरवर खाणाऱ्यांत लांब टोकदार शेपटीचा नी लांब मानेचा तो तलवार बदक. पुढून रुंद चपटी चोच, हिरवं डोकं, पांढरी छाती, विटकरी कूस तो थापट्या. डोळ्यावर जाड पांढरी भुवई तो भुवई बदक, हा येताना नी जाताना जास्त दिसतो. सगळ्यात लहान, विटकरी डोकं नी त्यावर हिरवा पट्टा ते चक्रांग. बुडी मारणाऱ्यांत केशरी फुगीर डोकं नी लाल चोच ती मोठी लालसरी, हतनूर तिच्यासाठीच ओळखलं जातं. विटकरी डोकं, राखाडी पाठ, काळी छाती ती छोटी लालसरी, जगभर तिची संख्या घटतेय म्हणून ती धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत गेलीय, दिसली तर मोजून घ्या. काळंपांढरं, मागे लोंबणारी शेंडी तो शेंडी बदक.

थापट्यांचा घोळका जवळ मिळाला तर दुसरीकडे कुठं जाऊ नका, तिथंच बसा. दहा-वीस जण चोची पाण्यात बुडवून गोल फिरतात, प्रत्येकाचं तोंड पुढच्याच्या शेपटीमागे. पायाने खालचा गाळ नी बारीक जीव ढवळून वर येतात आणि मागचा ते गाळून खातो, त्याच्या पायाने ढवळलेलं त्याच्या मागचा खातो. मधूनच एखादा डोकं वर काढतो, चोचीतून पाणी गळत असतं, आणि परत खाली. भोवत्या आला तरच हे चक्र मोडतं.

पट्टकादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून येतात ते हेच. सकाळी नी संध्याकाळी ते काठच्या हरभऱ्या-गव्हात चरतात, दुपारी गाळाच्या बेटावर झोपतात. चक्रवाक जोडीने किंवा थोडे थोडे दिसतात, केशरी अंग, फिकट डोकं, आवाज लांबून "आंग, आंग" असा. नदीवरचा सुरय, चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, मासा पायात धरून जाणारा कैकर, हे सगळं एका सकाळीत दिसू शकतं पण दिसलंच पाहिजे असा हट्ट नको.

एक सावधगिरी, पाणी उतरल्यावर काठावर जो वाळलेला भेगाळ गाळ दिसतो तो वरून कडक नी आतून लोणी राहतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि एकट्याने निघत नाही. जिथं गुरांच्या खुरांच्या ताज्या खुणा आहेत तिथूनच चाला. आणि दुसऱ्याच्या हरभऱ्यातून चालायचं नाही, बांधावरून जायचं, मालक दिसला तर आधी राम राम करून विचारायचं.

वही, आणि रानपिंगळ्याची गोष्ट

घरी आल्यावर नाही, जागेवरच लिहायचं. तारीख, वेळ, नेमकी जागा, हवामान, कोणता पक्षी, किती. ओळखला नाही तर वर्णन, जमेल तसं वेडंवाकडं चित्र. "एक करडा पक्षी, साळुंकीएवढा, चोच लांब" एवढी नोंद सुद्धा खोट्या नावापेक्षा लाख पटीने बरी.

नोंदीत जागा नी तारीख खरी असणं किती महत्त्वाचं हे खान्देशात तरी कोणाला सांगायला नको. आपल्या तळोदा-शहाद्याच्या भागातून जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८४ पर्यंत रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले होते. त्यानंतर हा पिंगळा कोणालाच सापडेना. मधल्या काळात रिचर्ड मायनर्त्झहागन नावाच्या एका नावाजलेल्या माणसाने आपल्याला तो १९१४ ला गुजरातेत मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी लावलेला नमुना दाखवला होता. तो नमुना म्हणजे संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच पक्षी होता, वर खोटी चिठ्ठी. लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, खऱ्या जुन्या नोंदी धरून बेन किंग नी डेव्हिड ॲबट यांच्यासोबत त्या इकडे आल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी. हा पाहुणा नाही, सातपुड्याचा रहिवासी आहे, दिवसाढवळ्या दिसतो. पण तो कुठं बसतो, घरटं कुठं आहे, याची नेमकी जागा तुम्हाला कळली तरी कुठंही टाकू नका, फोटोवाल्यांची रांग लागली की तो जागा सोडतो.

नोंदी ठेवायला ईबर्ड नावाचं फुकटचं ॲप आहे, त्यात जागा, वेळ नी दिसलेले सगळे पक्षी भरायचे, फक्त भारी भारी नाही, कावळा-साळुंकी सुद्धा. ओळखायला मर्लिन आहे, सातपुड्यात रेंज नसते म्हणून भारताचं पॅक घरूनच डाउनलोड करून ठेवा. ते आवाजावरून नाव सांगतं पण चुकतं पण, कोतवाल दुसऱ्यांच्या नकला करतो नी ॲप फसतं, त्यामुळे डोळ्याने बघितल्याशिवाय यादीत टाकू नका. आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलवायचा प्रकार अजिबात नको, बिचारा खाणं सोडून भांडायला येतो.

सोबत कोण पाहिजे असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा नी १२ ला सालिम अलींचा वाढदिवस म्हणून. त्या आठवड्यात वनखातं नी पक्षीमित्र ठिकठिकाणी फेऱ्या काढतात, नवीन माणसाला जुन्या माणसामागे फिरायला यासारखी संधी नाही. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते आणि फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराजवळचे पक्षी मोजतात, त्यात गच्चीवरून पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं.

एप्रिल उजाडला की पाहुणे गेलेले असतात आणि मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा गेला की माणसाने बाहेर पडूच नये. पण सीझन संपला असं समजू नका. मेच्या शेवटाला नी जूनच्या सुरुवातीला आफ्रिकेकडून चातक येतो, काळापांढरा, डोक्यावर शेंडी, तारेवर बसून ओरडतो, आणि त्याच वेळी सातपुड्याच्या पायथ्याला नवरंग विणीसाठी पोचतो, हिरवा-निळा-लाल, पानाखाली किडे उकरणारा. तेव्हा पहिल्या सरीच्या आसपास एखादी सकाळ राखून ठेवा.

काही बारीकसारीक राहिलं. तलावावर शेव, फरसाण, ब्रेड टाकून बदकांना खाऊ घालू नका. ड्रोन नको. थवा उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून दगड मारणारे, बाईक घेऊन काठाने पळवणारे दिसले तर बोला, घाबरू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वन्यपक्ष्यांना त्रास देणं गुन्हा आहे. संक्रांतीच्या दिवसांत मेहरूणच्या झाडांवर नी तारांवर नायलॉन मांजा लटकलेला असतो, जाताना एक काडी नी कात्री ठेवा, हाताला लागेल तेवढा गुंडाळून आणा. पण तारेवरचा काढू नका, त्याला वीजवाल्यांना फोन. मांज्यात अडकलेला पक्षी मिळाला तर डोकं फडक्याने झाकायचं म्हणजे तो शांत होतो, पंखाभोवतीचा मांजा ओढायचा नाही, कापायचा, आणि भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. मग वनखात्याच्या १९२६ ला फोन लावा नाहीतर जवळच्या गुरांच्या दवाखान्यात न्या, आणि पक्षी कुठं सापडला ती जागा त्यांना नीट सांगा, बरा झाला की तिथंच सोडायचा असतो.